अगोदर कोणास? : तातडीच्या विभागातील परिचारिकेचा निर्णय

रांग ही न्यायाची साधी व सर्वमान्य रीत आहे. रेशनच्या दुकानात, एस.टी.च्या खिडकीपाशी किंवा तहसील कचेरीत जो अगोदर आला त्याचे काम अगोदर व्हावे, याविषयी कोणाचा वाद नसतो. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही हाच नियम चालतो. परंतु त्याच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पाऊल टाकले की हा नियम संपतो. तास-दीड तास बाकावर बसलेल्या रुग्णासमोरून नुकताच आलेला रुग्ण थेट आत नेला जातो आणि बसलेल्यांच्या मनात वशिल्याचा संशय उत्पन्न होतो. हा क्रम ठरविणारी व्यक्ती पुष्कळ ठिकाणी डॉक्टर नसून दाराशी उभी असलेली परिचारिका असते, हे समजल्यावर तर हा संशय अधिकच बळावतो. म्हणून हा निर्णय ती कशाच्या आधारे घेते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मराठवाड्यातील व सीमाभागातील वाचकांना या विषयाची ओळख बहुधा हैदराबादेत होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि मोठ्या आजारासाठी हैदराबाद गाठण्याची तेथील जुनी रीत राज्य बदलले तरी मोडलेली नाही. मनमाड-काचीगुडा लोहमार्गाने आणि देगलूर, बिलोली, किनवट या बाजूंच्या रस्त्यांनी रुग्ण आजही त्या शहराकडे जातात. अफझलगंजातील उस्मानिया रुग्णालय, मुशीराबादचे गांधी रुग्णालय, पंजागुट्ट्याची निजाम आयुर्विज्ञान संस्था ही नावे नांदेड जिल्ह्यातील खेड्यांतही अपरिचित नाहीत. उस्मानिया रुग्णालयाची कहाणीच आपत्तीपासून सुरू होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात सहस्रावधी माणसे दगावली आणि अफझलगंजातील जुने रुग्णालयही उद्ध्वस्त झाले. पुढे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत, व्हिन्सेंट एश या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार नदीकाठी नवी भव्य इमारत उभी राहिली. महापुराच्या वेळी रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे लोकांनी जीव वाचविल्याचे सांगतात.

निवडण्याची क्रिया

निकडीनुसार रुग्ण वेगळे करण्याच्या या कामास सर्वत्र 'ट्रायेज' असे म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निवडणे, वेगळे काढणे असा आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डॉमिनिक-जाँ लारे यांनी रणांगणावरील जखमींना हुद्दा न पाहता, जखमेच्या गांभीर्यानुसार उपचार द्यावेत असा दंडक घातला. तोपर्यंत अधिकारी अगोदर व शिपाई नंतर, अशीच रीत होती. या विचाराने रुग्णालयाच्या दारात नियमबद्ध रूप घेतले ते मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत पाच वर्ग आहेत. पहिल्या वर्गाच्या रुग्णाकडे तत्क्षणी, आणि पुढील वर्गांच्या रुग्णांकडे अनुक्रमे १०, ३०, ६० व १२० मिनिटांच्या आत लक्ष दिले गेले पाहिजे असा तेथील नियम आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर पद्धतही पाच वर्गांची आहे. दक्षिण आफ्रिकेची पद्धत आपल्या परिस्थितीला अधिक जवळची वाटते, कारण डॉक्टर थोडे व रुग्ण फार अशा ठिकाणी परिचारिकेला एकटीने वापरता यावी, याच हेतूने तिची आखणी झाली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने आपल्याकडील गर्दीचा विचार करून तांबडा, पिवळा व हिरवा असे तीनच वर्ग ठरविले आहेत. भारतात तातडीच्या वैद्यकाला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून २००९ मध्ये मान्यता मिळाली, हे लक्षात घेता ही व्यवस्था आपल्याकडे अजून रुजत आहे असेच म्हणावे लागेल. काही रुग्णालयांत पहिली पारख परिचारिका करते, काहींत कॅज्युअल्टीचा वैद्यकीय अधिकारी करतो. तथापि अधिकारी एका रुग्णात गुंतला असता दारातून येणाऱ्या पुढच्या चौघांकडे नजर असते ती परिचारिकेचीच.

पहिले मिनिट

रुग्ण स्ट्रेचरवरून, रिक्षातून किंवा मुलाच्या खांद्याला धरून आत येत असतानाच पारख सुरू झालेली असते. तो चालतो कसा, बसताना पुढे वाकून हात टेकतो काय, ओठांचा रंग कसा आहे, अंगाला घाम आहे काय, हे परिचारिका एकही प्रश्न विचारण्यापूर्वी पाहते. यानंतर तिचा पहिला प्रश्न बहुधा नावाचा किंवा 'काय होतेय?' असा असतो. हा प्रश्न केवळ माहितीसाठी नसतो. रुग्ण एका दमात पूर्ण वाक्य बोलू शकला, तर श्वासमार्ग मोकळा आहे, श्वास पुरेसा आहे आणि मेंदूला रक्त मिळत आहे, या तीन गोष्टी त्या एका उत्तरातून कळतात. दोन-दोन शब्दांवर थांबून बोलणारा रुग्ण काय सांगतो यापेक्षा कसा सांगतो याला तेथे अधिक महत्त्व असते.

तपासणीचा क्रम ठरलेला आहे: प्रथम श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण आणि त्यानंतर शुद्ध. घशातून घरघर येत असेल, तर मोडलेल्या पायाकडे नंतर पाहावयाचे. पाय कितीही वाकडा दिसला तरी त्याने पाच मिनिटांत मृत्यू येत नाही, अडलेल्या श्वासाने येतो. शुद्ध मोजण्यासाठी चार पायऱ्या आहेत. रुग्ण आपणहून सावध आहे, हाकेला ओ देतो, चिमटा काढल्यावर हलतो किंवा कशानेच हलत नाही. नखावर बोट दाबून सोडले असता पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा लाल झाले नाही, तर हातापायांकडील रक्तपुरवठा कमी झाला असे समजतात. या परीक्षेला कोणतेही यंत्र लागत नाही.

त्यानंतर आकडे येतात. प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० आणि नाडी ६० ते १०० असावी. सर्वांत उपयोगी व सर्वांत दुर्लक्षित आकडा श्वासाचा होय. नाडी व रक्तदाब यंत्र दाखविते, श्वास मात्र छातीकडे पाहत पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो आणि गर्दीत नेमके हेच टाळले जाते. मुलांसाठी आकडे वेगळे आहेत. दोन महिन्यांखालील अर्भकाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचा ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असला, तर तो वेगवान समजतात. अंगणवाडी व आशा कार्यकर्त्यांना हे आकडे ठाऊक असतातच.

आवाज करणारा आणि गप्प असणारा

येथवरचे काम नियमांचे आहे व ते शिकविता येते. खरी कसोटी यापुढे लागते, कारण आजाराचे गांभीर्य आणि त्याचे बाह्य रूप यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. मूतखड्याचा रुग्ण वेदनेने अक्षरशः लोळतो. त्याच्या वेदना खऱ्या असतात व त्यांवर लवकर उपाय झालाच पाहिजे, परंतु त्याचा जीव बहुधा धोक्यात नसतो. त्याच्याच शेजारी भिंतीला टेकून बसलेला, घामाघूम, काहीही न मागणारा साठीचा गृहस्थ हृदयविकाराच्या झटक्यात असू शकतो. मधुमेही व वृद्ध रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, हा झटका छातीत कळ न येता केवळ धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा या रूपाने येतो. म्हणून अशा रुग्णाचा हृदयाचा आलेख आल्यापासून दहा मिनिटांत निघावा असा दंडक आहे. मूल रडत असेल तर परिचारिकेला काहीसा धीर वाटतो. ज्या तापलेल्या मुलाने रडणे सोडून दिले आहे, त्याला ती अगोदर उचलते.

मण्यार सापाचा दंश हे याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. हा साप रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंशाची खूण दिसत नाही, सूज येत नाही, वेदना नाममात्र असते. पहाटे पोटात दुखते, उलटी होते आणि घरचे अपचन समजतात. काही वेळाने पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. 'पोटदुखी' म्हणून आलेल्या शेतमजुराच्या पापण्यांकडे पाहणे आणि रात्री कोठे झोपला होता हे विचारणे, एवढ्यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

कीटकनाशकाच्या विषबाधेतही असेच घडते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषध पोटात गेलेला माणूस कित्येकदा स्वतःच्या पायांनी चालत येतो. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या लहान झालेल्या असतात, तोंडातून लाळ व अंगातून घाम वाहतो. थोड्याच वेळात फुप्फुसे पाण्याने भरल्यासारखी होतात. पॅराक्वाट या तणनाशकाचा प्रकार याहून फसवा आहे. रुग्ण पहिल्या दिवशी शुद्धीवर असतो, बोलतो आणि घरी जाऊ द्या म्हणतो. पुढील काही दिवसांत मूत्रपिंडे व फुप्फुसे निकामी होत जातात आणि या विषावर उतारा नाही. म्हणून परिचारिका 'काय घेतले?' एवढेच न विचारता बाटली मागते. नातेवाइकांनी बाटली किंवा तिचे वेष्टन बरोबर आणावे. मीठपाणी पाजून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये, कारण उलटीतील विष श्वासनलिकेत जाते.

तोंडाला दारूचा वास येणाऱ्या बेशुद्ध माणसाकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. त्याची रक्तशर्करा घसरलेली असू शकते किंवा पडून डोक्याच्या आत रक्तस्राव झालेला असू शकतो. बोटाच्या टोकावरील एका थेंबात मिनिटभरात निकाल देणारी शर्करातपासणी अशा प्रत्येक रुग्णाची केली जाते, ती याचसाठी. पोटात दुखून भोवळ आलेल्या तरुण स्त्रीला पाळीची तारीख विचारतात. त्यात घरच्यांना संकोच वाटतो, परंतु गर्भाशयाबाहेरील गर्भ फुटून पोटात रक्त साचत असेल, तर तो प्रश्न काही मिनिटेही पुढे ढकलता येत नाही. धडधाकट तरुणाचे शरीर पुष्कळ रक्त गेले तरी रक्तदाब टिकवून धरते आणि मग एकाएकी कोसळते. सबब रक्तदाबाचा चांगला आकडा पाहून निर्धास्त होऊ नये, नाडी किती जलद आहे ते पाहावे, असे परिचारिकांना शिकविले जाते.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत गांधी रुग्णालय हे केवळ त्याच रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले होते. त्या साथीने सर्वच रुग्णालयांच्या दारांत एक नवा धडा दिला. दिसण्यात बरा, फोनवर बोलत असलेला रुग्ण, आणि रक्तातील प्राणवायू मात्र धोक्याच्या पातळीखाली. बोटाला लावावयाचा लहानसा प्राणवायूमापक नसता, तर अशा रुग्णांची पारख नजरेने झालीच नसती.

'मंदु', 'दवा' आणि 'औषध'

हैदराबादच्या परिचारिकेला आणखी एक कसोटी द्यावी लागते, ती भाषेची. तिच्यासमोर तेलुगू, दखनी उर्दू, मराठी, कन्नड व हिंदी बोलणारे रुग्ण येतात. तेलुगूत 'मंदु' म्हणजे औषध. परंतु शेतावर फवारावयाचे विषही 'मंदु' आणि बोलण्याच्या ओघात दारूही 'मंदु'च. मराठवाड्यातील माणूस 'औषध प्याला' असे म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ उपचार घेतला असा नसतो, हे पुण्या-मुंबईच्या माणसालाही चटकन कळणार नाही. उर्दूतील 'दवा'चीही गत तीच. 'आयासम' या तेलुगू शब्दाचा मराठी 'आयास' शब्दाशी संबंध दिसतो, पण रुग्णाच्या तोंडी त्याचा अर्थ धाप लागणे असा असतो व तो शब्द कानी पडताच परिचारिका श्वास मोजू लागते. सीमेपलीकडून गेलेल्या रुग्णाने किंवा नातेवाइकाने अशा ठिकाणी हाताने जागा दाखवावी, वेळ बोटांवर सांगावी आणि समजले नाही तर मान डोलावू नये. समजल्याचा आव आणून दिलेला होकार हा तेथे न दिलेल्या उत्तराहून अधिक घातक ठरतो.

निर्णय चुकतो तेव्हा

असा निर्णय काही मिनिटांत, अपुऱ्या माहितीवर घ्यावयाचा असल्याने तो क्वचित चुकणारच. चूक दोन बाजूंनी होते. साध्या रुग्णाला गंभीर ठरविले तर खाट व मनुष्यबळ व्यर्थ जाते. गंभीर रुग्णाला साधा ठरविले तर माणूस जातो. या दोन चुकांची किंमत सारखी नाही. म्हणून अपघातग्रस्तांच्या उपचारव्यवस्थेसाठी अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या संघटनेने जे प्रमाण घालून दिले, त्यात पहिल्या प्रकारची चूक शंभरात २५ ते ३५ पर्यंत चालवून घेतली आहे आणि दुसऱ्या प्रकारची पाचाच्या आत ठेवावयास सांगितली आहे. शंका आल्यास रुग्णाला एक वर्ग वर चढवावा, ही परिचारिकेला दिलेली मोकळीक याच हिशेबातून आली आहे. अनुभवी परिचारिका पुष्कळदा आकडे ठीक असूनही 'हा रुग्ण मला बरा दिसत नाही' असे म्हणते. या म्हणण्याला शास्त्राचा आधार नाही असे समजू नये. शेकडो रुग्ण पाहिलेल्या नजरेने त्वचेचा रंग, हालचालीतील मंदपणा, चेहऱ्यावरील भय या खुणा एकत्र वाचलेल्या असतात. याउलट थकलेल्या पाळीच्या अखेरीस, पन्नासाव्या रुग्णापाशी हीच नजर चुकते. एकदा 'दारूडा' किंवा 'नेहमीचा दमेकरी' असा शिक्का बसला की पुढचा प्रत्येक जण तोच शिक्का वाचतो. यावर उपाय एकच, वाट पाहणाऱ्यांची पुन्हा पुन्हा तपासणी. परिचारिकांची संख्या अपुरी असेल तेथे नेमकी हीच फेरतपासणी मागे पडते, ही गोष्ट रुग्णालयांच्या प्रशासनाने ध्यानात ठेवावयास हवी.

एकाच वेळी अनेक

२५ ऑगस्ट २००७ च्या सायंकाळी हैदराबादेत लुंबिनी उद्यानात आणि कोटी भागातील गोकुळ चाट या उपाहारगृहात स्फोट झाले. चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २१ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलसुखनगर येथे पुन्हा स्फोट झाले. अशा प्रसंगी निवडीचा नियमच उलटतो. एरवी सर्वांत गंभीर रुग्ण पहिला असतो. साधने अपुरी पडतील एवढे जखमी एकदम आले, तर ज्याला वाचविणे शक्य आहे तो पहिला आणि ज्याच्यावर सारे हात खर्चूनही तो वाचण्याची आशा नाही तो मागे, असा क्रम लागतो. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेली एक सुटसुटीत पद्धत यासाठी पुष्कळ देशांत वापरतात. जे चालू शकतात त्यांना प्रथम एका बाजूला करावयाचे. उरलेल्यांचा श्वास मिनिटाला तिसाहून अधिक आहे काय, नखाचा रंग दोन सेकंदांत परततो काय आणि साधी आज्ञा पाळता येते काय, एवढेच पाहावयाचे. प्रत्येकाला मिनिटाहून कमी वेळ मिळतो. जो श्वास घेत नाही, त्याचा श्वासमार्ग एकदा मोकळा करून पाहतात. तरीही श्वास आला नाही तर काळी पट्टी बांधून पुढे जातात. ज्या हातांना एरवी कोणालाही सोडून न देण्याची सवय लावलेली असते, त्यांनाच हे करावे लागते. परिचारिकांच्या शिक्षणात याचा सराव लुटुपुटीच्या आपत्तीत करविला जातो, कारण ऐन वेळी असा विचार मनाला सुचत नाही. अशा प्रसंगी रुग्णालयात सर्वांत अगोदर पोहोचतात ते बहुधा किरकोळ जखमी, जे स्वतः धावत किंवा रिक्षाने येतात. त्यांनी सर्व खाटा भरून टाकू नयेत याची काळजी दाराशीच घ्यावी लागते.

नातेवाईक आणि कायदा

विषबाधा किंवा मारहाण झालेल्या रुग्णाचे नातेवाईक पोलिसांच्या भयाने खरी हकीगत लपवितात. 'चुकून प्याला', 'जिन्यावरून पडली' अशी उत्तरे दाराशी वरचेवर ऐकू येतात. हे भय आता बऱ्याच अंशी अनाठायी आहे. तातडीचा उपचार अगोदर व पोलिसांची कागदपत्रे नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या खटल्यात १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातील कलम ३०९ राहिलेले नाही. परिचारिकेला हकीगत हवी असते ती उतारा कोणता द्यावा हे ठरण्यासाठी. उशीर झाल्याचा राग दाराशी असलेल्या परिचारिकेवर निघतो, हेही वारंवार घडते. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध आंध्र प्रदेशात २००८ मध्ये व महाराष्ट्रात २०१० मध्ये कायदे झाले. परंतु परिचारिका जिच्याकडे धावून गेली तिची निकड काय होती, हे दोन वाक्यांत बसलेल्यांना सांगितले गेले, तर कायद्याचा प्रसंग पुष्कळदा टळेल असे वाटते.

नांदेड किंवा निजामाबादकडून पुढे पाठविलेल्या रुग्णाबरोबर जी चिठ्ठी दिली जाते, तिच्यावर पारखेचा बराच भार असतो. दंश किंवा विषप्राशन केव्हा झाले, प्रथम तपासणीत नाडी, श्वास व शुद्ध कशी होती, सर्पविषप्रतिबंधक लशीच्या किती कुप्या दिल्या व केव्हा, हे चिठ्ठीत असेल तर हैदराबादच्या दारातील परिचारिकेला रुग्ण सुधारतो आहे की खालावतो आहे हे लगेच कळते. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी ही नोंद वेळेसह करावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली व महाराष्ट्रात ती २०१४ पासून आहे. नांदेडहून हैदराबाद सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे. श्वास अडलेल्या, रक्तस्राव होत असलेल्या किंवा साप चावलेल्या रुग्णाला थेट तेथे न नेता प्रथम जवळच्या रुग्णालयात स्थिर करून घेणे हिताचे असते.

आणि ज्यांना थांबण्यास सांगितले आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. वाट पाहत असताना रुग्ण सुस्तावला, बोलणे अडखळू लागले, घाम सुटला, श्वास जलद झाला, लघवी बंद झाली किंवा सूज वर चढू लागली, तर आपला क्रमांक येण्याची वाट न पाहता उठून परिचारिकेला सांगावे. ती पुन्हा तपासते आणि आवश्यक वाटल्यास हातावरील हिरवी पट्टी काढून तांबडी बांधते.